फिलू इनासच्या घरचं भूत

भाईंदरजवळच्या तारोडी या ख्रिस्ती कोळ्यांच्या गावात फिलू नावाच्या बायका बऱ्याच होत्या, म्हणून प्रत्येकीच्या नावामागे नवऱ्याचं नाव लावायची रीत पडली होती. त्यांतली फिलू इनास ही आवाजाने सगळ्यांत मोठी. तिचा नवरा इनास स्वतःच्या होडीचा तांडेल. समुद्रावर खलाशांना हाका मारून मारून त्याचा घसा तिथेच संपायचा आणि घरी आला की तो मुका व्हायचा. त्यामुळे त्या घरात दोघांचंही बोलणं फिलूच बोलायची.

लग्नाआधी दोन वर्षं फिलू वांद्र्याला पाली हिलवर आया होती. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. देशातून एक साहेब गेला आणि फिलूच्या वाट्याला दुसरा आला, अमेरिकन, तेल कंपनीतला. त्या बंगल्यातून ती परतली ती एक फ्रॉक, एक केकचा डबा आणि ओंजळभर इंग्रजी शब्द घेऊन. त्या शब्दांवर तिने पुढे जन्म काढला. वाक्याची सुरुवात ‘वेल’ने करायची तिची सवय तर अशी होती, की कोळणी बाजारात मासळीचा भाव सांगताना मस्करीने ‘वेल’ म्हणायच्या आणि फिलूला वाटायचं, आपल्यामुळे गाव सुधारतंय.

त्याच बंगल्यात तिने हॅलोविन पाहिला होता. ऑक्टोबर संपता संपता मेमसाहेबाने लाल भोपळा पोखरून त्याला डोळे-नाक-दात कोरले, आत मेणबत्ती लावली, पोरांच्या अंगावर पांढऱ्या चादरी टाकून त्यांची भुतं केली, आणि फिलू त्या भुतांना घेऊन शेजारच्या साहेबांच्या बंगल्यांवर गोळ्या मागत फिरली. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातलं मेण सुरीने खरवडून काढायचं काम तिच्याच वाट्याला आलं होतं. गावात सांगताना एवढा भाग ती गाळायची.

गावाचा स्वतःचा भुतांचा सण होताच, पण त्याला कोणी सण म्हणत नसे. पहिल्या नोव्हेंबरला सगळ्या संतांचा दिवस आणि दुसऱ्याला मेलेल्या माणसांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव देवळामागच्या सिमेत्रीत जायचं, आपापल्या माणसांच्या मातीवर झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या ठेवायचं, आणि फादर पाणी शिंपडत फिरायचे. पण आदल्या संध्याकाळी जुन्या घरांतून मागच्या पडवीत एक ताट वाढलं जायचं. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्यात. कुणी विचारलं तर सांगायचं, मांजरासाठी आहे.

फिलूची सासू मोनका हे ताट सगळ्यांत नेमाने वाढायची. तिला कारण होतं. तिचा नवरा पास्कू तांडेल तरुणपणीच वादळात होडीसकट गेला होता. होडीची एक फळी मागून किनाऱ्याला लागली, माणूस लागला नाही. ज्याची मातीच नाही त्याच्यावर मेणबत्ती कुठे लावणार? सगळं गाव सिमेत्रीत गुडघ्यावर असताना मोनका हातात पेटती मेणबत्ती धरून नुसती उभी राहायची, आणि मेण बोटांवर आलं की घरी यायची. तेव्हा तिच्यापुरतं ते ताट हीच पास्कूची कबर होती.

मग नवे फादर आले. तरुण, चष्मेवाले, मिस्सा मराठीतून म्हणायला लागलेल्या पिढीतले. कोणी मराठीतून उलट बोलू नये एवढीच त्यांची अपेक्षा होती. ताटांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी रविवारी वेदीवरून सांगितलं, की हे अज्ञान आहे, मेलेली माणसं जेवत नाहीत, त्यांना प्रार्थना लागते. मिस्सा सुटल्यावर मोनका त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“फादर, ती जेवत न्हायत ता मलाबी ठाव हाय,” ती म्हणाली. “पर विचारायला काय जातं?”

फादरनी फिलूला बोलावून घेतलं. फिलू तेव्हा देवळाच्या बायांच्या मंडळाची अध्यक्षीण होती. अमेरिकेहून आलेली दुधाची पावडर आणि तेलाचे डबे देवळाच्या मागच्या खोलीतून वाटायचं काम याच मंडळाकडे असल्यामुळे अध्यक्षिणीला गावात पोलीस पाटलापेक्षा मान होता. फिलूने घरोघर फिरून सांगितलं, की ताट वाढणाऱ्या घराला पावडर मिळेलच असं नाही. ताटं बंद झाली, म्हणजे दार लावून वाढली जाऊ लागली. स्वतःच्या घरात मात्र तिने सासूला स्पष्ट सांगितलं, की अध्यक्षिणीच्या घरी हा गावठीपणा चालणार नाही. मोनका काही बोलली नाही. त्या घरात न बोलणं तिच्या मुलाला तिच्याकडूनच आलं होतं.

एकोणीसशे सत्तर साली फिलूची मुलगी ग्रेसी लग्नाला आली. मॅट्रिक झालेली, भाईंदरला टायपिंग शिकणारी, रंगाने उजळ. तिला वांद्र्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा हेन्री बाप्टिस्टा एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून, बाप नाही, आई आहे आणि स्वतःचं जुनं घर आहे. वांद्रं हा शब्द कानावर पडताच फिलूच्या डोळ्यांसमोर पाली हिलचा बंगला उभा राहिला. आपलं वांद्रं ज्या एका घरात सुरू होऊन तिथेच संपलं, त्या घरासारखंच सगळं वांद्रं, अशी तिची खात्री होती.

मुलाकडच्यांनी कळवलं, की पहिल्या नोव्हेंबरला रविवार आहे, संध्याकाळी पाहायला येऊ. फिलूने लगेच ठरवलं, हॅलोविन करायचा. तो आदल्या दिवशी असतो हे तिला माहीत होतं, पण पाहुण्यांच्या सोयीसाठी अमेरिकेचा सण एक दिवस पुढे ढकलायला तिची हरकत नव्हती.

इनासने त्या महिन्यातलं आपलं एक वाक्य खर्च केलं. “त्यांना बोंबील खायला घाल,” तो म्हणाला.

फिलूने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो होडीला डांबर लावायला निघून गेला.

फादरचं काय, हा प्रश्न होता. भुतांच्या चादरी पाहून ते काय म्हणतील? फिलूने जाऊन विचारलं. वेल, हा अमेरिकन ख्रिस्ती लोकांचा सण आहे, असं तिने सांगताच फादरनी चष्मा पुसला. ज्या देशातून दुधाची पावडर येते त्या देशात अज्ञान असेल असं मानणं त्यांना जड गेलं. ही त्यांची संस्कृती आहे, ते म्हणाले, आणि स्वतःही यायचं कबूल केलं. मोनकाच्या ताटाला जे लागू होतं ते साहेबाच्या भोपळ्याला नव्हतं.

भोपळा राई गावच्या राघोने आणून दिला. राघो आगरी, थोडी भातशेती आणि थोडा भाजीचा धंदा. फिलूने अंगणातच कोयता घेतला तसं त्याने हात आडवा धरला. बाईमाणसाने अख्खा भोपळा चिरू नये, आधी पुरुषाने सुरी टोचून द्यावी, असं त्याने समजावलं. फिलूने त्याला अंधश्रद्धेवर फादरचं सगळं प्रवचन ऐकवलं आणि कोयता चालवला. राघो पैसे घ्यायचे विसरून निघाला, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेला, की तारोडीच्या बाईने भोपळ्याला तोंड कोरलंय, काहीतरी करणी दिसते. भोपळ्याला डोळ्यांच्या जागी दोन गोल भोकं पडली आणि त्याभोवती कोयता घसरून आणखी दोन वर्तुळं उमटली. तो थेट फादरसारखा दिसायला लागला. ग्रेसीच्या लक्षात आलं, पण तिने सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी हेन्री आणि त्याची आई भाईंदरहून एसटीने आले. मिसेस बाप्टिस्टा उंच, वाळक्या, काळ्या झग्यातल्या आणि गळ्यात मोठा क्रूस घातलेल्या. हेन्री गोल चेहऱ्याचा, लाजरा. सकाळची मिस्सा, मग आईबरोबर रांगेत उभं राहून एसटी, यात त्याचं दुपारचं जेवण राहून गेलं होतं. अंगणात पाऊल टाकताच त्यांना खुर्चीवर बसवलेला भोपळा दिसला, तोंडातून उजेड टाकणारा. दारात फिलू जुन्या फ्रॉकमध्ये उभी होती. वीस वर्षांत फिलू वाढली होती, फ्रॉक वाढला नव्हता.

“हॅपी हॅलोविन,” ती म्हणाली.

मिसेस बाप्टिस्टांनी कपाळावर क्रूस काढला.

फिलूला तो नमस्काराचा वांद्रे प्रकार वाटला. तिने सगळ्यांना आत घेतलं. मंडळाच्या बायका कागदाचे मुखवटे लावून भिंतीला रांगेने बसल्या होत्या, दूध पावडर वाटपाच्या वेळी बसायच्या तशाच. हेन्रीसाठी फिलूने पांढरी चादर शिवून ठेवली होती, डोळ्यांना दोन भोकं ठेवून. तो आईकडे पाहू लागला. होणाऱ्या सासूला पहिल्याच भेटीत नाही कसं म्हणायचं, या संकोचात त्याने चादर डोक्यावर घेतली. मग फराळ आला. साहेबाच्या घरी असायची तशी काकडीची सँडविचं, इतकी पातळ की त्यातून फादर दिसत होते, आणि केक, जो खालून करपला होता आणि मधे कच्चा होता. भुताला चादरीतून खाता येईना. मग ग्रेसीने त्याला एक सँडविच खालून आत सरकवलं आणि पहिल्यांदाच हसली. ते दोघांचं पाहणं होतं.

मिसेस बाप्टिस्टा मात्र ताठ बसल्या होत्या. फिलूने अभिमानाने विचारलं, तुमच्याकडे हॅलोविन मोठा होत असेल ना?

“आमच्याकडे आजच्या संध्याकाळी मेलेल्या आत्म्यांसाठी रोझरी म्हणतात,” त्या म्हणाल्या. “भोपळे वगैरे रेल्वेच्या क्लबातली दारू पिणारी मुलं करतात. फादर, तुमच्या पॅरिशमध्ये हे चालतं?”

फादरच्या हातातलं सँडविच अर्धं होतं. त्यांनी ते खिशात ठेवलं आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं, की रोझरी आता होणारच होती, आपण तिचीच वाट पाहत होतो. सगळे गुडघ्यावर आले. मुखवटे काढायला वेळ मिळाला नाही. त्यामुळे चेटकिणी, राक्षस आणि एक म्हातारी मांजर अशा सगळ्यांनी मिळून नमो मरियेला सुरुवात केली. दारातून भोपळा त्यांच्याकडे पाहत होता.

फिलू सगळ्यांच्या मागे होती. वीस वर्षं जपलेला बंगला एका वाक्यात रेल्वेचा क्लब झाला होता. दुसरी माळ सुरू झाली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की भूत जागेवर नाही. मुलगा पळाला, असं तिला वाटलं. ती गुडघ्यांवरच मागे सरकत दाराबाहेर आली आणि उठून मागच्या पडवीकडे धावली.

पडवीत वातीचा दिवा होता. जमिनीवर ताट होतं. तांदळाची भाकरी, भाजलेले सुके बोंबील, बोंबलाची लाल चटणी, कांदा आणि पेल्यात ताडी. ताटापुढे पांढरी चादर मांडी घालून बसली होती, खालची कड तोंडापर्यंत उचललेली, आणि मान वर न करता जेवत होती. वासाने हेन्रीला इथे आणलं होतं, आणि उपाशी माणसाने हे ताट कुणाचं असं विचारायचं नसतं. समोर भिंतीला टेकून मोनका बसली होती. ती सुनेच्या घरच्या गर्दीत गेलीच नव्हती. भुतांचा सण कसा दिसतो, चादरी कशाला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

फिलू दारातच थांबली.

मोनका हळू आवाजात बोलत होती. घरी पुन्हा स्वतःची होडी आहे, इनास चांगला तांडेल निघाला, त्याने आता इंजिन बसवलंय, शिडाचं काम राहिलं नाही, असं ती सांगत होती. नातीला बघायला आज लोक आलेत. चादर खाता खाता मान डोलवत होती, कारण तोंड भरलेलं होतं आणि काय बोलावं हे सुचत नव्हतं. मग म्हातारी थोडी पुढे सरकली.

“तिकडं थंडी वाजते का रं?” तिने विचारलं.

चादरीचा हात ताटावर थांबला. मग चादरीने सावकाश मान आडवी हलवली. न्हाय, वाजत न्हाय.

“बरं झालं,” मोनका म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी चटणी वाढली.

फिलूचं तोंड ओरडायला उघडलेलंच होतं. जावई भुताचा वेष घेऊन मेलेल्याचं जेवण जेवतोय हे कळलं तर मिसेस बाप्टिस्टा रात्रीचीच गाडी धरतील. सासूला खरं सांगितलं तर… त्यापुढचा विचार तिने केला नाही. तसाही तो विचार तिच्या सवयीचा नव्हता. ती आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून परत गेली आणि चौथी माळ सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी सिमेत्रीत मोनका हातात मेणबत्ती न घेताच आली. का, असं बायांनी विचारलं. तिने सांगितलं, आता गरज न्हाय, पास्कू काल येऊन जेवून गेला, पांढरा सदरा घालून आला होता, ताट पुसून खाल्लं, जरा जाडा झालाय. दुपारपर्यंत ही बातमी उत्तनला गेली, संध्याकाळी गोराईला.

फादरनी अध्यक्षिणीला बोलावलं. हे खोटं आहे असं तिने मंडळापुढे सांगावं, असा त्यांचा हुकूम होता. फिलू मंडळापुढे उभी राहिली. खरं सांगावं तर जावयाची अब्रू जाते, खोटं म्हणावं तर सासूची, आणि काहीच न बोलणं तिला जमत नव्हतं.

“वेल,” ती म्हणाली, “ताट रिकामं झालं. ते मी डोळ्यांनी पाहिलं.”

अध्यक्षिणीने पाहिलं म्हटल्यावर विषय संपला. पुढच्या नोव्हेंबरात तारोडीत ताट वाढलं नाही असं घर राहिलं नाही. ज्यांनी कधी वाढलं नव्हतं त्यांनीही वाढलं, आणि ज्यांच्या घरात जिवंत माणसांना धड मिळत नव्हतं त्यांनी मेलेल्यांना पापलेट वाढलं. गावातल्या मांजरांचा तो सुवर्णकाळ होता. फादर पुढच्या वर्षी बदली मागून गेले.

मिसेस बाप्टिस्टांनी निरोप पाठवला, की भोपळ्याच्या घरची मुलगी नको. पण हेन्री, ज्याने आईपुढे आजवर मानही वर केली नव्हती, तो म्हणाला, लग्न करीन तर तिथेच. आई म्हणाली, मुलीने जादू केली. तशी काही जादू झाली असेल तर ती चुलीवर झाली होती. लग्न जानेवारीत तारोडीच्या देवळात झालं. जेवणावळीत मोनका पाटावर बसल्या बसल्या हेन्रीकडे टक लावून बघत होती, आणि मग स्वतः उठून, कोणी सांगितलं नसताना, त्याच्या पानात चटणी वाढून आली. हेन्रीने मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही. म्हातारीला किती कळलं होतं, हे फिलूने तिला कधी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, ही भीती होती.

मोनका चौऱ्याहत्तर साली गेली. तिला माती मिळाली, देवळामागे, समुद्राच्या बाजूला.

शहात्तर साली आणखी नवे फादर आले. हे रोमला शिकून आलेले. त्यांना स्थानिक संस्कृतीचं फार प्रेम होतं आणि तारोडीतल्या ताटाबद्दल त्यांनी वांद्र्यातच ऐकलं होतं. मेलेल्यांच्या दिवशी एक ताट वेदीसमोर ठेवायचं आणि अध्यक्षिणीने दोन शब्द बोलायचे, असं त्यांनी ठरवलं. फिलूने भाषण केलं. आपल्या पूर्वजांची ही प्रथा आपण किती कष्टाने टिकवली, हे तिने सांगितलं. तिला स्वतःला ते खोटंही वाटत नव्हतं. वेल, तिने शेवटी सांगितलं, हा आपला हॅलोविन आहे. वांद्र्याहून आलेल्या एका माणसाने ताटाचा फोटो काढला. ताटावर माशा बसू नयेत म्हणून जाळी ठेवली होती. बायांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा इनास चुलीपाशी होता. त्याने स्वतः भाकरी गरम केली होती, बोंबील निखाऱ्यावर धरले होते, आणि दोन ताटं पडवीत मांडली होती, शेजारी शेजारी.

“देवळात ठेवलं ना मी,” फिलू म्हणाली.

“ता फोटोला,” इनास म्हणाला.

ती फणकाऱ्याने आत गेली, फुलाफुलांची साडी बदलली, थोडा वेळ खाटेवर बसली. बाहेर डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येत होते. इनासला काहीतरी सापडत नव्हतं आणि तो विचारणार नव्हता. चटणीची बरणी वरच्या फळीवर, मिठाच्या मागे होती. फिलू उठली आणि बरणी काढून द्यायला बाहेर आली.